आधी मुलांचा वेळ, मग ऑफिसचा

मूळ साक्री तालुक्यातले आणि आता टेक्सासमध्ये राहणारे एक वडील लिहितात: "मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. बायको हॉस्पिटलमध्ये शिफ्टमध्ये काम करते, मी घरून सॉफ्टवेअरचं काम करतो. दोन्ही मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवावं असं आम्हा दोघांना मनापासून वाटतं. नोकरी सांभाळून हे जमेल का? गावी आईच्या कानावर गेल्यापासून ती एकच विचारते, मग पोरं शिकतील कशी? तिला काय सांगू?"

भाऊ, जमतं. इंग्लंडमध्ये नोकरी करत असताना मी माझ्या दोन्ही मुलांना घरी शिकवलं आणि धुळ्याला परतल्यावरही काही काळ ते चालू ठेवलं. म्हणून हे ऐकीव नाही. पण एक अट आहे आणि तिच्यात सूट नाही: काम आणि शिकवणं एकाच वेळी करायचं नाही. एका कानाला मीटिंग आणि दुसऱ्या कानाला मुलाचं वाचन, असं चाललं की दोन्ही बिघडतात. मुलाला तर लगेच कळतं की बाबांचं लक्ष इकडे नाही.

आधी कायद्याचं उरकतो. टेक्सासमध्ये घरच्या शाळेला खासगी शाळेचा दर्जा आहे, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसा निकाल दिला. नोंदणी लागत नाही. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र हे विषय अभ्यासक्रम ठरवून शिकवावे लागतात. मुलं सरकारी शाळेत असतील तर आधी शाळेला लेखी कळवा, मगच पाठवणं बंद करा. बाकीच्या वाचकांनी मात्र टेक्सासचा नियम स्वतःला लावू नये. न्यूयॉर्क राज्यात दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो, फ्रान्समध्ये २०२२ पासून आधी परवानगी घ्यावी लागते आणि जर्मनीत घरी शिकवण्याला जवळजवळ जागाच नाही.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या घरी मोकळा मोठा माणूस कोण आणि केव्हा? बायकोच्या महिन्याभराच्या शिफ्ट कागदावर मांडा आणि शेजारी तुमच्या मीटिंग लिहा. सात वर्षांच्या मुलाला तासन्‌तास एकटं अभ्यासाला बसवता येत नाही. रोज दोघांपैकी एकाचा सलग वेळ निघतच नसेल, तर सुरुवात पुढे ढकला. शाळा आज सोडली काय आणि सहा महिन्यांनी सोडली काय, मुलांचं नुकसान होत नाही. थकलेल्या आईबापांच्या चिडचिडीने मात्र होतं.

वेळ निघत असेल तर तो सकाळी काढा. सात ते साडेआठ, लॅपटॉप बंद, फोन दुसऱ्या खोलीत. या दीड तासात फक्त गणित आणि वाचन. समोर तीस नव्हे, दोनच मुलं असतात, त्यामुळे एवढ्या वेळात भरपूर होतं. गणित दोघांचं वेगळं घ्या, कारण सात आणि दहा वर्षांत फार अंतर आहे. विज्ञान, भूगोल, गोष्टी हे सगळं एकत्र चालतं. धाकट्याला सगळं कळलं नाही तरी तो ऐकत असतो, आणि थोरलीला त्याला समजावून सांगताना स्वतःलाच जास्त कळतं. ऑफिसच्या कॅलेंडरवर ही वेळ अडवून ठेवा आणि साहेबांना कारण स्पष्ट सांगा. लपवून केलेली गोष्ट पहिल्याच तातडीच्या कॉलला मोडते.

दिवसाच्या उरलेल्या वेळासाठी एक युक्ती आपल्या खानदेशातलीच आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे आणि छात्रालयही सांभाळायचे. त्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. नोकरी करणाऱ्या बापाला यासारखा उपाय नाही. रात्री मुलं झोपली की वहीत एक पान लिहा: उद्या काय वाचायचं, कोणती पाच गणितं, कोणता प्रयोग, आणि आज मुलांनी विचारलेल्या, तुम्ही घाईत टाळलेल्या एका प्रश्नाचं उत्तर. मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात. सकाळी ते पान मुलांच्या हातात असलं की तुम्ही कॉलवर असताना दारावर टकटक होत नाही. माझी मुलं नाश्त्याआधी वही शोधायची. मराठी वाचायला ती त्या वहीमुळेच शिकली असं मला वाटतं. पाठ्यपुस्तकं हवी असतील तर बालभारतीची पीडीएफ तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

आणि आईला काय सांगायचं? समजूत घालू नका, काम सोपवा. उन्हाळ्यात तुमच्याकडे साडेआठ वाजतात तेव्हा साक्रीत संध्याकाळचे सात वाजलेले असतात. तुमचा पाठ संपतो आणि गावी दिवेलागण झालेली असते. ती अर्धा तासाची वेळ आजी-आजोबांची. आजी अहिराणीत गोष्ट सांगेल, मुलांनी अडखळत का होईना अहिराणीतच उत्तर द्यायचं. आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि साडेतीनचे पाढे, तोंडपाठ असायची. दहा वर्षांच्या मुलीला अपूर्णांक शिकवताना हे पाढे फार उपयोगी पडतात. सव्वा गुणिले आठ बरोबर दहा हे तिला तोंडी यायला लागलं की वहीतल्या अपूर्णांकांची भीती जाते. आईला दोन महिने हे करू द्या. पोरं शिकतील कशी, हे ती मग विचारणार नाही, कारण शिकवणाऱ्यांत तीही असेल.

घरी शिकवण्याचा सर्वांत मोठा फायदा तुम्ही पत्रात लिहिलेलाच नाही. शाळेच्या सुट्ट्यांशी बांधील नसल्यामुळे तुम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी येऊ शकता. परदेशात वाढणाऱ्या आपल्या बहुतेक मुलांनी आखाजी पाहिलेलीच नसते. निंबाला बांधलेले झोके, गौराईची गाणी, माहेरी आलेल्या आत्या, पितरांच्या नावाने भरलेली घागर हे सगळं आहेच. शिवाय सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आपल्याकडे आखाजीपासून आखाजीपर्यंत धरतात. थोरलीला त्या हिशेबाला बसवा. वर्षाची बोली किती, उचल किती घेतली, धान्य किती दिलं, खाडे किती, हातात किती उरले. मग तिला सालदाराशीच बोलू द्या. एवढ्या पैशात वर्ष कसं निघतं, हे तिला आकड्यांतून नाही, त्याच्याकडून कळायला हवं.

पांझरा नदीच्या काठी जा. तिथे काही शतकांपासून चालत आलेली फड पद्धत मुलांना दाखवा. नदीवर बंधारा घालून पाणी पाटात वळवायचं, खालची जमीन फडांत वाटायची, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकऱ्याने ठरलेल्या क्रमाने पाणी सोडायचं. उतार, गुरुत्वाकर्षण, पीकपालट आणि गावाचा कारभार असे चार धडे एका पाटावर मिळतात. रावेर-यावलकडे कुणी पाहुणे असतील तर केळीच्या बागेत गणित घ्या: एकरात ४३,५६० चौरस फूट, पाच बाय पाच फुटांवर लागवड, तर झाडं किती? कागदावर १,७४२ येतात. मग शेतकऱ्याला विचारा, त्याच्याकडे प्रत्यक्षात किती आहेत. बांध आणि वाट यांनी किती जागा खाल्ली हे मुलं स्वतः शोधतील. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेखही चुकवू नका. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

गावाहून काम करायचं तर कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या, दुसऱ्या देशातून काम केल्यावर कराचे प्रश्न उभे राहतात. टेक्सासचे सकाळचे आठ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे तुमचं ऑफिस रात्री चालेल आणि दुपारी झोप लागेल. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे शेतातलं सगळं सकाळी नऊच्या आत उरका. तेवढी झोप कमी पडणारच, ती दुपारी भरून काढा. त्या वेळी मुलं आजीजवळ राहतील.

कधीतरी कायमचं परतायचं मनात असेल, तर आजपासून फाईल ठेवा: वह्या, वाचलेल्या पुस्तकांची यादी, तारखांसह. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, त्यामुळे आठवीपर्यंत परतणं सोपं आहे. नववीत मात्र आधीची कागदपत्रं मागितली जातात. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा आहे. तिच्या दहावीच्या परीक्षेला किमान वय चौदा आहे आणि शाळेत जायची अट नाही. तुमची मुलगी आज दहाची आहे. ती बारा वर्षांची होईल तेव्हा तुम्ही दोघांनी बसून ठरवा, तिकडची हायस्कूल, इथली नववी की मुक्त विद्यालय. त्या बैठकीत तिलाही घ्या.