पाळी आणि शस्त्रक्रियेची तारीख

प्रश्न : माझे वय 36 वर्षे आहे. पित्ताशयात खडे झाल्यामुळे पुढील महिन्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली आहे आणि हिशेब केला तर तो माझ्या पाळीचा दुसरा दिवस येतो. ‘अंगावरून जात असताना कापाकापी केली तर रक्त थांबत नाही,’ असे सासूबाई म्हणतात. पुरुष सर्जनला हे विचारायचा संकोच वाटतो. तारीख पुढे ढकलावी, की पाळी लांबवण्याच्या गोळ्या घ्याव्यात?
— एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : केवळ पाळीसाठी तारीख बदलण्याची सहसा गरज नसते. मात्र सासूबाईंची शंका अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. रक्त गोठण्यास मदत करणारे ‘फॉन विलेब्रँड घटक’ नावाचे प्रथिन पाळीच्या पहिल्या काही दिवसांत थोडे कमी असते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण निरोगी स्त्रीमध्ये हा फरक लहान असतो, आणि त्यामुळे शस्त्रक्रियेत रक्त जास्त जाते का, याबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

पाळीत रक्त वाहते ते गर्भाशयाचे अस्तर सुटल्यामुळे, आणि तेथे तयार झालेल्या गुठळ्या विरघळवण्याची व्यवस्था गर्भाशयातच असते. तिचा पित्ताशयाशी संबंध नाही. तुमच्या शस्त्रक्रियेत पित्ताशयाकडे जाणाऱ्या लहानशा धमनीला बहुधा टायटेनियमची क्लिप लावून मगच ती कापली जाते, आणि यकृताला चिकटलेला भाग विजेच्या उपकरणाने शेकत शेकत सोडवला जातो. तेथला रक्तस्राव थांबतो तो या कौशल्यामुळे आणि तुमच्या रक्ताच्या एकंदर प्रकृतीमुळे.

म्हणून त्या एका दिवसापेक्षा तुमची पाळी नेहमी कशी असते, हे मला महत्त्वाचे वाटते. रात्री पॅड बदलण्यासाठी उठावे लागते का? रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडतात का? दाढ काढल्यावर रक्त बराच वेळ थांबले नव्हते, किंवा बाळंतपणात फार रक्त गेले होते, असे काही घडले आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. ‘बायकांचे असेच असते’ म्हणून पुष्कळ जणी वर्षानुवर्षे गप्प राहतात, आणि त्यांतल्या काहींना रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असतो. 1926 साली फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रँड यांनी अशा दोषाचे वर्णन केले. त्यांच्या पाहणीतली लहान मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्याच पाळीच्या रक्तस्रावाने दगावली. आज याचे निदान रक्ततपासणीने होते. तुमच्या जवळच, परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ ही संस्था अशाच विकारांवर काम करते.

दुसरी गोष्ट हिमोग्लोबिनची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाळी जास्त जात असेल, तर शस्त्रक्रियेआधीच लोह कमी पडलेले असू शकते, आणि ते भरून काढायला दोन-चार दिवस नव्हे, काही आठवडे लागतात. तुमच्या हाती महिना आहे. ही तपासणी याच आठवड्यात करून घ्या.

पाळी लांबवण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांतील हार्मोनमुळे काही स्त्रियांमध्ये शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो, आणि शस्त्रक्रियेनंतर हालचाल कमी झाल्यावर तो धोका तसाही असतोच. पोटदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड घेत असाल तर तेही सांगा, कारण ही औषधे रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या बिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) काम मंदावतात. गर्भाशयाच्या आतील दुर्बिणीची तपासणी असती तर मात्र पाळी संपल्यावरची तारीख घेणे सोयीचे ठरले असते, कारण तेव्हा अस्तर पातळ असल्याने आतले स्पष्ट दिसते.

संकोच वाटत असेल तर दाखल होताना परिचारिकेला सांगा. त्यांना हे रोजचेच आहे. पॅड चालते. टॅम्पॉन किंवा कप वापरत असाल तर भूल देण्यापूर्वी काढून ठेवा, आणि लघवीची तपासणी त्याच दिवशी असेल तर पाळी सुरू असल्याचे नमुना देतानाच कळवा, नाहीतर अहवालात रक्त दिसून विनाकारण शंका निघेल.