वाचकांचे प्रश्न : टी-शर्टसाठी कापूस किती?

प्रश्न : कापसापासून टी-शर्ट कसा होतो, हे शाळेतल्या मुलांना आकृतीने दाखवायचं आहे. चौकोन आणि बाण काढून पाहिले, पण किती माल कुठे जातो ते त्यातून कळत नाही.

बाणांनी फक्त क्रम कळतो. तुम्हाला सँकी आकृती हवी. तिच्यात पट्टीची जाडी म्हणजे मालाचं वजन. कॅप्टन सँकी यांनी १८९८ मध्ये वाफेच्या इंजिनातली ऊर्जा कुठे कुठे निसटते ते अशा पट्ट्यांनी मांडलं, म्हणून हे नाव.

हिशेब शेवटापासून मागे करत न्या. शर्ट १५० ग्रॅमचा धरू. कटिंगमध्ये १५ टक्के कापड चिंध्यांत जातं असं मानलं, तर कापड लागेल १५० भागिले ०.८५, म्हणजे १७६ ग्रॅम. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. ते १५० मध्ये १५ टक्के मिळवून १७२.५ काढतात. पण घट मोजायची ती आत गेलेल्या मालावर, बाहेर आलेल्या नव्हे. एका टप्प्यावर फरक किरकोळ वाटतो, चार टप्प्यांत तो साचत जातो.

पुढे विणाई-रंगाईतली घट ५ टक्के धरली तर सूत १८६ ग्रॅम. कोंबिंग केलेल्या (म्हणजे विंचरून आखूड तंतू काढलेल्या) सुतासाठी गिरणीत २० टक्के घट धरली तर रुई २३२ ग्रॅम. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करताना, रुईचा उतारा ३५ टक्के धरला तर सरकीसकट कापूस ६६३ ग्रॅम. कापसाची जात आणि यंत्रं यांप्रमाणे हे टक्के बदलतात, तेव्हा गृहीत धरलेले आकडे आकृतीखाली लिहाच.

आकृतीसाठी सँकीमॅटिक हे ब्राउझरमध्ये चालणारं मोफत साधन पुरेसं आहे. एका ओळीत एक प्रवाह लिहायचा (आकडे मात्र इंग्रजी अंकांत टाका) :

कापूस [२३२] रुई
कापूस [४३१] सरकी व कचरा
रुई [१८६] सूत
रुई [४६] गिरणीतली घट
सूत [१७६] कापड
सूत [१०] विणाई-रंगाईतली घट
कापड [१५०] शर्ट
कापड [२६] चिंध्या

एका ठिकाणी ‘सूत’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सुत’ लिहिलंत, तर दोन वेगळे ठोकळे होतात आणि पट्टी मध्येच तुटते. प्रत्येक ठोकळ्यात आत आलेलं आणि बाहेर गेलेलं वजन जुळतंय ना, ते शेवटी तपासा.

प्रश्न : अशा आकृतीत सरकीची पट्टी सगळ्यांत जाड येते. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश कापूस वायाच जातो ना?

नाही. सरकीपासून तेल आणि पेंड मिळते. कोंबिंगमधून निघणारे आखूड तंतूसुद्धा फेकले जात नाहीत, रोटर पद्धतीच्या (वेगाने फिरणाऱ्या भांड्यात कातलेल्या) जाड सुतात वापरले जातात. म्हणून उपउत्पादनाला एक रंग आणि खऱ्या कचऱ्याला दुसरा द्या. सगळं राखाडी रंगवलेली आकृती दिशाभूल करते, आकडे अचूक असले तरी.

पट्टी पुढे जाताना कारण नसताना जाड झाली, तर ओलावा तपासा. व्यापारात सुती धाग्याचं वजन कोरड्या वजनावर ८.५ टक्के ओलावा धरून ठरवतात. एक आकडा कोरड्या वजनाचा आणि दुसरा दमट गोदामातला असला की असा घोळ होतो. पाणी आणि वीज यांची एककं वेगळी, त्यांची आकृतीही वेगळी काढा.

प्रश्न : कुठला कापूस कुठल्या देशात जातो, हे नकाशावर दाखवता येईल का?

येईल. फ्रेंच अभियंता मिनार यांनी युरोपात येणाऱ्या कापसाचे १८५८, १८६४ आणि १८६५ या वर्षांचे नकाशे असेच काढले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथली पट्टी बारीक झालेली आणि हिंदुस्थानची फुगलेली त्यांत एका नजरेत दिसते.

आजचे आकडे कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या संकेतस्थळावर मालाच्या संकेतांकानुसार मिळतात : ५२०१ म्हणजे रुई, ५२०५ म्हणजे सूत, ६१०९ म्हणजे टी-शर्ट. एकाच व्यवहाराचे निर्यातदार आणि आयातदार देशांचे आकडे सहसा जुळत नाहीत, कारण आयातीच्या किमतीत बहुधा भाडं आणि विमा धरलेला असतो. एकाच बाजूचे आकडे घ्या, आणि ते पैशांत नव्हे, किलोत. देशातल्या देशात खपलेला माल यात येतच नाही. शिवाय ५२०१ ची पट्टी ६१०९ ला थेट जोडू नका. कोणत्या देशाची रुई कोणत्या शर्टात गेली, ते या आकड्यांत नसतं.