आयटीआयचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. घरचे म्हणतात कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड घे, एका वर्षात मोकळी होशील, सावलीत बसून काम, आणि तुला इलेक्ट्रिशियन करायचंय, ज्याला दोन वर्षं लागतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, इलेक्ट्रिशियन घे. कोपा वाईट नाही, पण आपल्या सांगोल्याकडं डेटा एन्ट्रीवाचून कुणाचं अडत नाही, पाण्यावाचून मात्र डाळिंबाची अख्खी बाग जाते.

मी आयटीआयचा निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा, म्हणून वर्कशॉपमधेच आयुष्य काढलं. ट्रेड निवडताना सगळे एकच विचारतात, नोकरी कुठं लागेल. चाकणच्या कारखान्यांत लागते, लागू दे की. पण आपल्या तालुक्यात काय काय बंद पडतं आणि ते दुरुस्त करायला माणूस कुठून येतो हे कुणी विचारत नाही, तू विचार.

आता मोटर जळण्याचंच घे. एका डीपीवर दहावीस मोटरी, जवळपास प्रत्येकीला ऑटो स्विच, कारण लाइट रात्री दोनला येणार असेल तर उठून शेतात कोण जाणार. लाइट आली की सगळ्या मोटरी एकदमच सुरू होतात, सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, व्होल्टेज पडतं, डीपीवरचा एखादा फ्यूज उडतो आणि उरलेल्या दोन फेजवर मोटर नुसती घुं घुं करत तापत बसते. सकाळी मोटर जळाली म्हणून बोंब. मग बोअरमधून पाइप वर काढा, मोटर रिवाइंडिंगला टाका, हजारो रुपये घाला, आणि थोड्या दिवसांनी परत तेच! रिवाइंडिंगवाला त्याचं काम चोखच करतो हो, त्याचा हात बघत राहावं असा असतो. पण स्टार्टरपाशी उभं राहून तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजायचं, एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर चालू आहे का कुणी बायपास करून ठेवलाय ते बघायचं, कपॅसिटर बसवायला लावायचं, हे करायला कुणी येतच नाही. ऑटो काढा म्हटलं तर शेतकरी ऐकणार नाही, मग निदान प्रत्येकाला वेगळ्या वेळेचा टायमर तरी लावून दे. (डीपीला स्वतः हात लावू नकोस, ते लाइनमनचं काम.)

सोलरचंही तसंच होणार. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी १० टक्के भरतो, एससी-एसटी असेल तर ५ टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडं. त्यानंतर पंपाचा कंट्रोलर बंद पडला तर बघणार कोण?

पाबळच्या विज्ञान आश्रमाचं नाव ऐकलंयस का? शिरूर तालुक्यातलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मधे तिथं काम सुरू केलं, पोरं वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य सगळं हातानं करत शिकतात आणि गावातल्या लोकांची कामं पैसे घेऊन करून देतात. पैसे घेऊन, हे मला फार पटतं. फुकटच्या कामाला नाव ठेवायचीही सोय नसते, पैसे मोजलेला माणूस बरोबर तोंडावर सांगतो की तुझं कनेक्शन लूज आहे.

मुलगी म्हणून लोक काय म्हणतील ते म्हणू देत, ३० टक्के जागा मुलींच्याच आहेत, हक्कानं घे. पास झालीस की अप्रेंटिसशिप सोडायची नाही, महावितरणला मिळाली तर उत्तमच, चाकणला मिळाली तरी जा, तिथली शिस्त शिकून ये. तारतंत्रीचं, म्हणजे वायरमनचं, परमिट काढायचं, त्याशिवाय तुझ्या सहीला किंमत नाही. पुढं शिकावंसं वाटलं तर पॉलिटेक्निकला डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं, त्यामुळं ‘आयटीआय केलं की शिक्षण संपलं’ म्हणणाऱ्या मामाला एवढंच सांग.

आणि हो, जे आयटीआय पहिल्या नंबरला टाकणार त्याचं वर्कशॉप आधी बघून ये. मोटरी खोललेल्या दिसतायत का पेंट मारून मांडून ठेवल्यात ते बघ, इन्सुलेशन तपासायचा मेगर कुठंय विचार, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचार की स्टार्टर शेवटचा कधी खोलला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली तर शेजारच्या तालुक्यातलं टाक, एसटीचा पास निघतो.

तुझे सर