१४० ग्रॅमची बचत आणि एक लाखाचा हप्ता

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३७, हिंजवडीत नोकरी, हातात येणारा पगार १ लाख २० हजार. पत्नी घर सांभाळते, मुलगी पाच वर्षांची. रविवारी पहाटे माउंटन बाईक काढून वेताळ टेकडी, जमेल तेव्हा सिंहगडाच्या बाजूला. ते लिहितात:

“माझा ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीट धरणारी नळी) ३३० ग्रॅमचा आहे. कार्बनचा १९० ग्रॅमचा २१ हजारांना मिळतोय. डिसेंबरमध्ये शर्यत आहे. नो-कॉस्ट ईएमआयवर आता घेऊ की एप्रिलच्या बोनसपर्यंत थांबू? अगदी तसाच दिसणारा ऑनलाइन २,८०० ला पण आहे. बाकी सगळं सेट आहे. मुलीच्या शिक्षणासाठी बँकेच्या आरएमने (रिलेशनशिप मॅनेजरने) वर्षाला एक लाखाची पॉलिसी करून दिलीय. वर्षाला १२ टक्के पडतात, टॅक्सही वाचतो.”

सोबत घरखर्चाचा तक्ता आणि पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलाय. ते बरं केलंत.

आधी विचारलेलं सांगतो. २१ हजारांत १४० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला दीडशे रुपये. ७५० मिलीची बाटली पाचव्या हिश्श्याने कमी भरून निघालात तर फुकटात जवळपास तेवढंच वजन उतरतं. पण खरी अडचण वेगळीच आहे. त्या पोस्टच्या माहितीपत्रकात चालकाचं कमाल वजन ९० किलो दिलंय, असं तुम्हीच लिहिलंय, आणि खाली स्वतःचं वजन ९२. त्यात पाठीवरची पाण्याची पिशवी धरा. हा पोस्ट तुमच्यासाठी बनलेलाच नाही.

मी स्वतः सायकल चालवतो आणि टेकडीवरचे बरेच जण माझ्याकडे पैशांच्या कामासाठीही येतात, त्यामुळे हलक्या पोस्टच्या कहाण्या पुष्कळ ऐकल्यात. ६०-६५ किलोचे लोक खूश असतात. कार्बन किंचित लवतो, खडबडीत वाटेवर कमरेला बसणारे बारीक हादरे कमी होतात, आणि ते चार-पाच तास बसून चालवू शकतात. वजनदार लोकांचा अनुभव मात्र एका ठरलेल्या क्रमाने जातो. चढावर पोस्ट मिलिमीटर-मिलिमीटरने खाली सरकतो. गुडघे जास्त वाकायला लागले की ते लक्षात येतं. मग एल-की काढून क्लॅम्प, म्हणजे पोस्टभोवतीची पकड, आवळायचा, पुढच्या रविवारी आणखी आवळायचा. क्लॅम्पवर बहुधा ५ न्यूटन-मीटर असं कोरलेलं असतं, पण तेवढाच जोर मोजून देणारा टॉर्क रेंच बाळगतो कोण? जास्त आवळल्याने कार्बनच्या थरांना क्लॅम्पच्या कडेशी केसाएवढी चीर जाते. ॲल्युमिनियमही थकतं आणि तुटतं, पण बरेचदा आधी वाकून दाखवतं. कार्बन शेवटपर्यंत धड दिसतो आणि उतारावर एकदम जातो. सरकू नये म्हणून कार्बनला ग्रीस नाही, बारीक कणांची कार्बन पेस्ट लावायची असते, आणि पोस्ट किमान खुणेपर्यंत फ्रेमच्या आत हवाच. हे दुकानदार क्वचित सांगतो.

२,८०० वाल्याचं नाव काढू नका. नामांकित कंपनीचं स्टिकर चिकटवलेल्या त्या नळीत काय भरलंय हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि तुम्ही तिच्यावर ९२ किलो टाकून दगडांतून उतरणार आहात.

आहे तो पोस्ट ठेवा. बाहेर काढून पुसा, ताजं ग्रीस लावा, चीर नाही ना ते उजेडात बघा. बदलायचाच असेल तर दोन बोल्टचा चांगला ॲल्युमिनियमचा घ्या. थॉमसनचा एलिट हा अडीचशे ग्रॅमच्या आसपासचा पोस्ट भारी चालकही वर्षानुवर्षं वापरतात. आणि बोनस आल्यावर सायकलवर खर्च करावासा वाटलाच तर ड्रॉपर पोस्टचा विचार करा. २०१० मध्ये रॉकशॉक्सचा रिव्हर्ब आला, तेव्हापासून माउंटन बाईकवाले उलट पाव-अर्धा किलो जास्त वजन आनंदाने वाहतात, कारण उतारावर एका बटणाने सीट खाली जातं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जाण्याची शक्यता घटते. गेल्या पावसाळ्यात उतारावरच पडून तुमचं कॉलरबोन मोडलं होतं ना? मग वजन उतरवण्यापेक्षा हा खर्च तुमच्या जास्त कामाचा.

नो-कॉस्ट ईएमआयत रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते आणि बँक दाखवते त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बसतो. सायकलच्या भागासाठी हप्ता नकोच.

आता पॉलिसी. “बाकी सगळं सेट आहे” हे तुमच्या पत्रातलं सर्वांत महागडं वाक्य आहे.

फोटोत दिसतं ते असं: वर्षाला १ लाख, १० वर्षं भरायचे, मुदत २० वर्षं, शेवटी हमखास २२ लाख. विमा रक्कम १० लाख. तीन हप्ते भरून झालेत, चौथा पुढच्या महिन्यात.

बारा टक्के कुठून आले? १० लाख भरले, २२ मिळाले, नफा १२ लाख. म्हणजे १२० टक्के, भागिले १० वर्षं, बारा टक्के. हा हिशेब मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की आता राग येतो. पैसे दहा वर्षं नाही, वीस वर्षं अडकणार आहेत आणि व्याज चक्रवाढीने मोजायचं असतं. नीट मोजलं तर हा परतावा ५ टक्क्यांच्या जरासा वर आहे. पीपीएफ सध्या ७.१ देतं. मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं काढलं असतंत तर सध्याचा दर ८.२ आहे, आणि तीही सरकारी हमीच. कराचं म्हणाल तर तक्त्यात तुम्ही नवी करप्रणाली लिहिलीय. तिच्यात ८०सीची वजावट नाही. या हप्त्यावर तुमचा एक रुपयाही कर वाचत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आरएमला माहीत होती आणि तुम्हाला कोणी दाखवली नाही. पॉलिसी घेतली तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. वीस वर्षं मिळवा. २२ लाख हातात येतील तेव्हा ती बावीस वर्षांची असेल, तिची पदवी झालेली असेल. बारावीनंतरच्या प्रवेशाची फी अठराव्या वर्षी भरायची असते. शिक्षणाच्या नावाने विकलेली पॉलिसी शिक्षण संपल्यावर पैसे देते, आणि तुम्ही ती तीन वर्षं बिनघोर भरताय. यात तुमचा दोष कमी आहे. पण आता तरी तारखा बघा.

याहून मोठी काळजी विमा रकमेची आहे. घरात कमावणारे तुम्ही एकटे. गृहकर्ज ४१ लाख शिल्लक. तुम्ही नसलात तर हप्ता सोडून घराला महिन्याला ४० हजार लागतील, वर्षाला सुमारे पाच लाख. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट धरली तर सव्वा कोटी. त्यात कर्ज आणि मुलीचं शिक्षण मिळवा, पावणेदोन कोटींच्या पुढे जातं. पॉलिसीचे १० लाख आले तर कर्जाचा चौथा हिस्साही फिटत नाही. ऑफिसचा २५ लाखांचा ग्रुप विमा आणि ५ लाखांची मेडिक्लेम दोन्ही राजीनाम्याच्या किंवा नोकरकपातीच्या दिवशी संपतात. ज्या माणसाचं हाड एकदा उतारावर मोडलंय आणि जो पुन्हा डिसेंबरात शर्यत लावणार आहे, त्याच्या बायको-मुलीमागे स्वतःचं असं एवढंच आहे. हे वाचून मला झोप लागली नाही तर नवल नाही. तुम्हालाही ते टोचायला हवं.

तर क्रम असा ठेवा. निदान दीड कोटींचा साधा टर्म विमा, म्हणजे मृत्यू झाला तरच पैसे देणारा, साठ वर्षं वयापर्यंत. “पैसे परत मिळणारा” प्रकार दाखवतील, तो नको. तुमच्या वयाला हप्ता २५-३० हजारांच्या घरात जाईल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. अर्जात कॉलरबोनचं ऑपरेशन आणि शर्यती दोन्ही स्पष्ट लिहा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. एजंट “कशाला लिहिता” म्हणेल, त्याचं ऐकू नका. दावा करायची वेळ येईल तेव्हा उत्तरं द्यायला तो नाही, तुमची पत्नी बसणार आहे. पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली घ्या, म्हणजे पत्नी-मुलीच्या पैशांवर देणेकऱ्यांना हात टाकता येत नाही.

टर्म विमा मृत्यूला पैसे देतो. पाठीला कायमची इजा होऊन माणूस घरी बसला तर तो काही देत नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघात विमा घ्या, ५० लाखांचा, कायमचं अपंगत्व आणि इजेमुळे घ्यावी लागणारी तात्पुरती रजा दोन्ही धरणारा. घेण्याआधी वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटीत साहसी खेळ व्यावसायिक म्हणून खेळत असाल तरच उपचार वगळले जातात, हौशी माणसाला तिथे अडचण नाही. अपघात विम्यात मात्र प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते आणि काही ठिकाणी शर्यत सरळ वगळलेली असते. कंपनीला ईमेल करून विचारा: टेकडीवर सायकल चालवताना आणि शर्यतीत पडलो तर? उत्तर लेखीच घ्या. आणि कुटुंबाचा स्वतःचा १० लाखांचा आरोग्य विमा, नोकरी चालू असतानाच. तिन्ही मिळून वर्षाला ६० हजारांच्या आसपास.

हे पैसे कुठून? चौथ्या हप्त्यातून. पुढचे सात हप्ते भरले तर त्या नव्या सात लाखांवर सुमारे पावणेसहा टक्के पडतील. एवढ्यासाठी घर उघडं ठेवू नका. पण पॉलिसी रागाने तोडूही नका. आज तोडली तर हमीची रक्कम भरलेल्याच्या ३५ टक्के, चौथ्या वर्षात ५० टक्के, म्हणजे हातात एक ते दीड लाख. त्याऐवजी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी मुदतीपर्यंत तशीच ठेवली, तर तीन हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे साधारण ६ लाख ६० हजार मुदतीअखेर मिळतील. दीड लाखांचे सतरा वर्षांत तेवढे व्हायला दरवर्षी ९ टक्के खात्रीचे लागतील, आणि खात्रीचे ९ टक्के आज कोणी देत नाही. पेड-अपच करा. प्रत्येक पॉलिसीचं कोष्टक वेगळं असतं, म्हणून दोन्ही आकडे शाखेतून लेखी मागून मगच सही करा.

शिक्षणाचं गणित छोटं आहे. आज १२ लाखांत होणारं खासगी इंजिनिअरिंग, फी वर्षाला ८ टक्क्यांनी वाढली तर तेरा वर्षांनी ३२-३३ लाखांना जाईल. तुमच्या तक्त्यात महिन्याला पंधरा हजार “इतर” या रकान्यात विरघळतात. त्यातले ६ हजार आजपासून इंडेक्स फंडाच्या एसआयपीत टाका, दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवा. ११ टक्के परतावा धरला तर रक्कम जमते. कमी मिळाला तर? मिळू शकतो. म्हणून हप्त्यातून उरलेले ४० हजार दरवर्षी सुकन्येत जाऊ द्या. तिच्यातून अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते, हे लक्षात ठेवून. बचत खात्यात फक्त ६० हजार आहेत, तेव्हा एप्रिलचा बोनस आधी तिथे, चार महिन्यांचा खर्च साठेपर्यंत. ड्रॉपर त्यानंतर.

घाई एकाच गोष्टीची आहे. पेड-अप झाली की जुन्या पॉलिसीचं संरक्षणही १० लाखांवरून ३ लाखांच्या आसपास येईल. म्हणून टर्मचा अर्ज याच आठवड्यात भरा, वैद्यकीय तपासणी उरकून घ्या. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ पुरतो. बँकेतला हप्त्याचा ऑटो-डेबिट मात्र देय तारखेआधी बंद करा, नाहीतर लाख रुपये आपोआप जातील. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत पेड-अपच्या अर्जावर सही करू नका. आणि पडल्यावर तिच्या पहिल्या पानाचा फोटो मला पाठवा, नावं आणि तारखा मी एकदा तपासून देतो.