वाचक विचारतात : गाडी वितळवणारी बिल्डिंग आणि बाकीच्या भानगडी

मागच्या अंकात जगभरातल्या चित्रविचित्र इमारतींचे फोटो छापले आणि प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. निम्म्या लोकांना शंका, की हे खरं आहे का एआयने बनवलंय, आणि उरलेल्यांना राग, की असलं काही बांधायला यांच्याकडे पैसा येतो कुठून. सगळे प्रश्न घेणं शक्य नाही, काही तर चार-चार जणांनी विचारलेत ते एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न : जपानमधला तो पूल, ज्याचा रस्ता भिंतीसारखा सरळ वर आभाळात गेलेला दिसतो, तो फोटोशॉप आहे ना? एवढ्या चढावर गाड्या मागे घसरणार नाहीत का?

उत्तर : पूल खरा, फोटोही खरा, चढ तेवढा खोटा. एशिमा ओहाशी नावाचा हा पूल मात्सुए आणि साकाइमिनातो या दोन शहरांच्या मध्ये आहे, २००४ साली सुरू झाला. याची खरी चढण एका बाजूने ६.१ टक्के आणि दुसऱ्या बाजूने ५.१ टक्के. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की जेमतेम सहा मीटर वर. घाटात याहून जास्त चढ असतो, साधी स्कूटर पण आरामात चढेल.

मग फोटोत असं का दिसतं? तर हे फोटो काढणारे पुलाच्या बरोबर समोर पण बरेच लांब उभे राहतात आणि टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणून दाखवणारी लेन्स लावतात. जवळ उभं राहिलं की रस्त्याचा आपल्याजवळचा भाग मोठा आणि लांबचा भाग बारीक दिसतो, त्यावरून डोक्याला कळतं की रस्ता लांबवर गेलाय. खूप दुरून बघितलं की पुलाची दोन्ही टोकं आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात, त्यामुळे शेकडो मीटरची लांबी दाबली जाऊन चपटी होते आणि उंची मात्र तेवढीच राहते, आणि मग सौम्य चढाची भिंत होते. त्याच पुलाचा बाजूने काढलेला फोटो बघा, अगदी साधा, कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही असा. आणि एवढा उंच का केला म्हणाल तर खालून जहाजं जातात म्हणून. आधी तिथे उघडबंद होणारा पूल होता, जहाज आलं की गाड्या ताटकळत उभ्या.

प्रश्न : लंडनमध्ये एका बिल्डिंगने रस्त्यावरची कार वितळवली असं ऐकलं. अफवाच असणार?

उत्तर : अफवा नाही हो, शंभर टक्के खरं. २० फेनचर्च स्ट्रीट, लोक तिला वॉकी-टॉकी म्हणतात, कारण ती वर रुंद आणि खाली निमुळती आहे. आर्किटेक्ट राफाएल विन्योली. वर रुंद करण्यामागे हिशोब सरळ होता, वरच्या मजल्यांवरून व्ह्यू भारी, तिथे भाडं जास्त, मग जास्त जागा तिथेच हवी. पण असं करताना दक्षिणेकडची सगळी काचेची बाजू आतल्या अंगाला वळली, म्हणजे झाला की चक्क अंतर्गोल आरसा, आणि तोही दीडशे मीटरपेक्षा उंच! २०१३ च्या उन्हाळ्याच्या शेवटी, बांधकाम चालू असतानाच, सूर्य एका ठराविक उंचीवर आला की सगळं ऊन खालच्या रस्त्यावर एका पट्ट्यात गोळा व्हायला लागलं. तिथे पार्क केलेल्या एका जॅग्वारचा आरसा आणि बाजूच्या पट्ट्या वाकड्या झाल्या, बिल्डरने दुरुस्तीचे पैसे भरून दिले, आणि एका पत्रकाराने तर तिथे फुटपाथवर तवा ठेवून अंडं तळून दाखवलं.

गंमत म्हणजे (गाडीवाल्याला अर्थातच गंमत वाटली नसणार) हा प्रकार दिवसातून साधारण दोन तास आणि वर्षातले थोडेच आठवडे होणारा होता. म्हणून आधी तात्पुरती जाळी लावली आणि २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या काचांवर आडव्या पट्ट्या बसवल्या, ऊन अडवायला. आता काही होत नाही. पण मला यातली न पटणारी गोष्ट वेगळीच आहे, लास व्हेगासमधलं व्हडारा हॉटेल याच आर्किटेक्टचं, तेही आतल्या बाजूला वळलेलं, आणि तिथे स्विमिंग पूलच्या कडेला बसलेल्या पाहुण्यांना चटके बसल्याच्या तक्रारी २०१० मध्येच येऊन गेल्या होत्या. लॉस एंजेलिसच्या डिस्ने कॉन्सर्ट हॉलच्या बाबतीतही तसंच झालं, त्याच्या काही चकचकीत स्टीलच्या पत्र्यांमुळे समोरच्या फ्लॅटवाल्यांची घरं तापायला लागली, शेवटी २००५ मध्ये ते पत्रे घासून मंद करावे लागले. सूर्य कुठल्या महिन्यात कुठे असतो याचं गणित काही गुपित नाही. कंप्युटरवर इमारत छान दिसली की पुढचं कोणी बघत नाही, हीच खरी भानगड.

प्रश्न : आजकाल पिळलेले टॉवर फार दिसतात. नुसती फॅशन का काही फायदा?

उत्तर : दोन्ही. स्वीडनमधल्या माल्मोचा टर्निंग टॉर्सो (२००५, १९० मीटर) खालपासून वरपर्यंत ९० अंश वळलाय, आणि त्याची कल्पना आर्किटेक्ट सांतियागो कालात्रावाच्या स्वतःच्याच एका शिल्पातून आली, म्हणजे तिथे आधी रूप आणि मग बाकी सगळं. पण ६३२ मीटरच्या शांघाय टॉवरचा पीळ हा वाऱ्यासाठी. उंच सरळ खांबाला वारा लागला की मागे भोवरे तयार होतात, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, आणि त्यांची लय इमारतीच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळली की झोका वाढत जातो. प्रत्येक मजल्याचा आकार किंवा दिशा जराशी बदलली की भोवऱ्यांची ही लय जमतच नाही. विंड टनेलमध्ये, म्हणजे मुद्दाम जोराचा वारा सोडता येणाऱ्या बोगद्यात, वेगवेगळे पीळ तपासून शेवटी साधारण १२० अंश ठरला आणि वाऱ्याचा भार २४ टक्के कमी झाला. बुर्ज खलिफा पिळलेला नाही, पण वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी बारीक होतो त्यामागेही हाच डाव.

प्रश्न : मी सातवीत आहे. एका फोटोत लोक स्विमिंग पूलच्या तळाला कपडे घालून उभे आहेत आणि वर पाणी आहे. ते बुडत का नाहीत?

उत्तर : कारण ते पाण्यात नाहीतच! जपानच्या कानाझावा शहरातल्या म्युझियममधली ही कलाकृती, लेआंद्रो एर्लिच नावाच्या अर्जेंटिनाच्या कलाकाराची. वर जाड काच, काचेवर जेमतेम दहा सेंटिमीटर पाणी, आणि खाली निळसर रंगाची कोरडी खोली, तिथे जायला वेगळी वाट. वरून बघणाऱ्याला खालचे बुडालेले वाटतात आणि खालच्यांना वरचे लोक हलताना दिसतात. याच माणसाची अजून एक भारी गंमत सांगतो. तो इमारतीची दर्शनी भिंत, खिडक्या-बाल्कन्यांसकट, जमिनीवर आडवी मांडतो आणि वर ४५ अंशात मोठा आरसा लावतो. तू जमिनीवर नुसता आडवा पडलास तरी आरशात खिडकीला लटकलेला दिसशील. कॅमेऱ्याची कुठलीच ट्रिक नाही.

प्रश्न : टोकियोची वॉशिंग मशिनच्या खोक्यांसारखी ती कॅप्सूल बिल्डिंग पाडली म्हणे. एवढी प्रसिद्ध वास्तू पाडतात कशी?

उत्तर : पाडली, २०२२ मध्ये. मला स्वतःला या सगळ्या यादीत सगळ्यात जास्त ओढ याच इमारतीची. नाकागिन कॅप्सूल टॉवर, १९७२, आर्किटेक्ट किशो कुरोकावा. कल्पना अशी, की मधले दोन काँक्रीटचे मनोरे कायमचे, त्यात लिफ्ट आणि जिने, आणि त्यांना बाहेरून १४० कॅप्सूल अडकवायच्या, प्रत्येक कॅप्सूल चार मोठ्या बोल्टवर. कॅप्सूल कारखान्यात तयार व्हायची. आत साधारण अडीच बाय चार मीटर जागा, एक पलंग, घडी होणारं टेबल, भिंतीतच बसवलेला टीव्ही आणि टेप, विमानातल्यासारखी इवलीशी बाथरूम, आणि एक मोठी गोल खिडकी. साधारण २५ वर्षांनी जुनी कॅप्सूल काढायची, नवीन लावायची, म्हणजे इमारत कधी म्हातारी होणारच नाही.

एकही बदलली गेली नाही. का, तर एकावर एक इतक्या जवळ बसवल्या होत्या की मधली एक काढायची तर वरच्या आधी काढाव्या लागणार, आणि प्रत्येक कॅप्सूलचा मालक वेगळा, त्यामुळे सगळ्यांनी एकाच वेळी पैसे काढल्याशिवाय काही होणं शक्यच नव्हतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलेल्या कोणालाही हे पहिल्याच दिवशी कळलं असतं! मग गळती सुरू झाली, पाइप गंजले, ॲस्बेस्टॉसचा प्रश्न होताच, शेवटी शेवटी गरम पाणीसुद्धा बंद. २३ कॅप्सूल तेवढ्या सोडवून दुरुस्त केल्या आणि त्यातल्या काही म्युझियममध्ये पोचल्या. म्हणजे हलवता येणाऱ्या घराची कल्पना खरी झाली ती इमारत पाडल्यावर. पण नुसतं फसलं म्हणून हसू नका, पन्नास वर्षं त्यात लोक राहिले, काही जण तर अगदी शेवटपर्यंत हट्टाने.

प्रश्न : मिलानच्या जंगलवाल्या टॉवरमधून झाड खाली पडलं तर?

उत्तर : हा प्रश्न बांधणाऱ्यांनाही पडला होता, म्हणून तर झाडांची विंड टनेलमध्ये टेस्ट झाली. बॉस्को वर्टिकाले, आर्किटेक्ट स्तेफानो बोएरी, २०१४, दोन टॉवरवर मिळून आठशेच्या आसपास झाडं. ती आधी नर्सरीत वाढवून मग वर चढवली, मुळं कुंडीतच पट्ट्यांनी बांधलेली, आणि जिथे वारा जास्त तिथे मुळांभोवती स्टीलचा पिंजरा. छाटणीला गच्चीवरून दोराने लटकत माळी उतरतात. बाल्कनी तुमची पण झाड सगळ्या सोसायटीचं, नको म्हणून तोडता येत नाही. इथे मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, की सांभाळायचं कोणी हे आधी ठरवलं. त्याची नक्कल म्हणून जगभर जी हिरवी चित्रं फिरतात त्यात माळी कुठेच नसतो.

प्रश्न : रॉटरडॅमच्या तिरक्या पिवळ्या घरांमध्ये कपाट कसं ठेवतात?

उत्तर : ठेवत नाहीत, सुताराकडून बनवून घेतात. पीट ब्लोमने १९८४ च्या सुमाराला ही ३८ घरं केली, प्रत्येक घर म्हणजे एका कोपऱ्यावर उभा केलेला घन, खालून रस्ता मोकळा. जमीन आत सरळच आहे, भिंती तिरक्या. कागदावर १०० चौरस मीटर, त्यातली पाव जागा डोकं आपटेल म्हणून वाया. एक घर बघायला खुलं ठेवलंय.

प्रश्न : बीजिंगच्या सीसीटीव्ही या सरकारी टीव्ही कंपनीच्या इमारतीत दोन कललेले मनोरे वर हवेत जोडलेत. ते नेमके जुळले कसे?

उत्तर : पहाटेचा मुहूर्त धरून! खरंच. दिवसा एका मनोऱ्यावर ऊन आणि दुसऱ्यावर सावली, ऊन लागलेलं स्टील प्रसरण पावतं आणि जोड सरकतो. म्हणून २००७ च्या डिसेंबरमध्ये, सूर्य उगवायच्या आधी, दोन्हीकडचं तापमान सारखं असताना जोडतुकडे बसवले. २३४ मीटरची अवाढव्य इमारत आणि सगळं अडलं होतं ते उन्हापायी.

प्रश्न : स्पष्ट बोलतो, हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले. सिडनी ऑपेरा हाउसवर किती उधळले ते पण छापा की.

उत्तर : छापतो की. अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, लागले १० कोटी २० लाख. १९६३ ला व्हायचं ते १९७३ ला झालं. १९५७ मध्ये डेन्मार्कच्या यॉर्न उट्झनचं डिझाइन निवडलं तेव्हा छताची ती शिडं बांधायची कशी हेच कोणाला माहीत नव्हतं, आणि सरकारने डिझाइन पुरं व्हायच्या आधीच पाया घालायला लावला. कित्येक वर्षं आकडेमोड करून १९६१ च्या सुमारास उत्तर सापडलं, की सगळी शिडं एकाच काल्पनिक गोलाचे तुकडे समजायचे. मग वक्रता सगळीकडे सारखी, म्हणून साचे तेच तेच वापरता येतात. उधळपट्टीच्या गोष्टीत ही काटकसर कोणी सांगत नाही. पैशाचं म्हणाल तर बहुतेक खर्च सरकारी लॉटरीतून निघाला. उट्झनचं मात्र नव्या सरकारशी बिनसलं, १९६६ मध्ये तो काम सोडून निघून गेला आणि २००८ मध्ये वारला तोवर पूर्ण झालेली इमारत बघायला एकदाही गेला नाही. तुमचा राग असेल तर असू द्या, पण तो आकारावर काढू नका, घाईघाईत कुदळ मारणाऱ्यांवर काढा.

प्रश्न : अमेरिकेतली ती टोपलीच्या आकाराची बिल्डिंग रिकामी का पडली?

उत्तर : ओहायोमधल्या न्यूआर्क गावी १९९७ मध्ये बांधलेलं लाँगाबर्गर कंपनीचं ऑफिस ते, सात मजली. कंपनी टोपल्याच विकायची. काम मात्र चोख, वरच्या दोन कड्यांना आतून गरम करायची सोय केली होती, हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ साचून खालच्या काचेच्या छतावर पडू नये म्हणून. पुढे धंदा बसला, २०१६ मध्ये माणसं बाहेर पडली, आणि चौकोनी ऑफिस असतं तर कोणीही भाड्याने घेतलं असतं, पण दुसऱ्या कंपनीने टोपलीत जाऊन बसावं कशाला?