सही कशावर करायची? विमान जुळणीच्या कामाबद्दल वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. ओझरला विमानाची इंजिनं बनतात ना? (एक वाचक, नाशिकरोड)

नाही, हा गैरसमज बराच जुना आहे. ओझरचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कंपनी) कारखाना १९६४ पासूनचा. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमानं इथं जुळली, पण त्यांची इंजिनं ओडिशातल्या कोरापुटहून यायची. तेजस या लढाऊ विमानाचं एफ४०४ इंजिन जीई कंपनीचं आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाचं टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारं) इंजिन हनीवेल कंपनीचं. ओझरचं काम म्हणजे आलेलं इंजिन विमानात बसवणं, इंधन-तेल-हवा-वायरिंगच्या जोडण्या करणं आणि जमिनीवर चालवून बघणं. तेव्हा मुलाला टर्बाइनच्या आधी पाइप जोडणी, लॉकवायर (नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार) आणि ड्रॉइंग वाचन नीट शिकू द्या. नोकरीत रोज तेच लागतं.

प्रश्न : टीममधले एक फिटर काका वयानं मोठे, हातही सोन्यासारखा. पण लहान नटांना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) लावत नाहीत, ‘हाताला कळतं’ म्हणतात. मी नवा सुपरवायझर. कसं टोकू? (एक वाचक, ओझर)

काकांच्या हाताला कळतं हे खरंच आहे. प्रश्न एवढाच, की काय कळतं? नट आवळताना लावलेल्या जोरापैकी ढोबळमानानं निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो आणि ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० टक्के, आणि जोड धरून ठेवतो तो हा ताण. हाताला जाणवतं ते घर्षण. आट्यांना चुकून तेल लागलं तर घर्षण कमी होतं, हाताला तेवढाच जोर लागल्यासारखं वाटतं आणि बोल्ट मात्र जास्त ताणला जातो. आटे कोरडे ठेवायचे की वंगण लावून आवळायचे, हे मॅन्युअलमध्ये टॉर्कच्या (आवळण्याच्या जोराच्या) आकड्याच्या शेजारी लिहिलेलं असतं ते म्हणूनच. आकडा वाचला आणि ती ओळ गाळली, तर आकडाच चुकला.

सेल्फ-लॉकिंग (आपोआप सैल न होणाऱ्या) नटात आणखी एक खोच आहे. तो टेकण्याआधीच कडक फिरतो. तो फिरवायला किती टॉर्क लागतो हे आधी मोजायचं आणि मॅन्युअल सांगत असेल तर आकड्यात मिळवायचं. फिरायला २ न्यूटन-मीटर (टॉर्कचं एकक) लागले आणि मॅन्युअलचा आकडा १२, तर रेंच १४ वर. फिरताना किमान मर्यादेपेक्षा सैल लागला तर नट बाद, तो परत डब्यात टाकायचा नाही.

अडचणीच्या जागी रेंचला पुढे सरळ रेषेत एक्स्टेन्शन लावता, तिथं सगळ्यात जास्त गफलत होते. रेंचची लांबी ४०० मिमी (ड्राइव्हच्या, म्हणजे सॉकेट बसतो त्या टोकाच्या, मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत), एक्स्टेन्शन १०० मिमी आणि बोल्टवर ४० न्यूटन-मीटर पाहिजेत, तर रेंच ३२ वर लावायचा : ४० गुणिले ४००, भागिले ५००. तसाच ४० वर ठेवलात तर बोल्टवर ५० पडतात. एक्स्टेन्शन काटकोनात असेल तर ही दुरुस्ती लागत नाही. लावलेला आकडा गाठला की रेंच ‘क्लिक’ करतो, तो क्लिक एकदाच ऐकायचा. ‘खात्रीसाठी’ दुसऱ्यांदा ओढला की नट आणखी सरकू शकतो. काम झालं की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा.

राहिलं टोकणं. सगळ्यांसमोर नको. जॉब कार्डवर (कामाची नोंद आणि सही होते त्या कागदावर) रेंचचा नंबर, कॅलिब्रेशनची (रेंच अचूक आहे हे तपासल्याची) तारीख आणि मिळालेला टॉर्क असे तीन रकाने करून घ्या. मग म्हणा, ‘काका, तुम्ही आवळा, मी आकडा लिहितो.’ म्हणजे आकडा मागतो तो कागद, तुम्ही नाही. बहुतेक ठिकाणी एवढ्यानं भागतं.

प्रश्न : सेकंड शिफ्टकडून अर्धवट काम मिळतं. वहीत ‘बाकी सगळं ओके’ एवढंच. काय विचारावं? (एक वाचक, पिंपळगाव बसवंत)

‘ओके’ काय आहे ते विचारू नका, उघडं काय आहे ते विचारा. कोणता नट नुसता हातानं बसवलाय, कोणता पाइप सोडलाय, पाइपांच्या तोंडावरची किती झाकणं काढली आणि ट्रेमध्ये किती आहेत. ११ काढली आणि १० सापडली, तर अकरावं मिळेपर्यंत काम बंद. हातानं बसवलेल्या प्रत्येक नटाला लाल टॅग लावायचा. नट आवळून झाल्याची रंगाची खूण टॉर्क दिल्यावरच करायची, आधी कधीच नाही. आधी केलेली खूण पुढच्या शिफ्टला सरळ फसवते.

५ मे १९८३ ला ईस्टर्न एअरलाइन्सचं मायामीहून नासाऊला निघालेलं ट्रायस्टार विमान अशाच न बघता झालेल्या सहीनं अडचणीत आलं. तिन्ही इंजिनांच्या चिप डिटेक्टरवर (तेलातले धातूचे कण पकडणारा भाग) ओ-रिंगच, म्हणजे तेल अडवणाऱ्या सीलच्या गोल कड्याच, नव्हत्या. तेल गळून गेलं. एक इंजिन वैमानिकांनी बंद केलं, बाकीची दोन आपोआप बंद पडली. एक परत सुरू झालं आणि १७२ जण वाचले. डिटेक्टर नेहमी ओ-रिंग चढवलेलेच मिळायचे. त्या रात्री ते स्टोअरमधून आले, ओ-रिंगशिवाय. कार्डावर ‘नवीन सील लावून बसवा’ असं छापलेलं होतं आणि त्यावर सहीही झाली होती.

यातून तुमच्या कामाचे दोन नियम निघतात. एकाच विमानाच्या सगळ्या इंजिनांवर तेच काम एकाच माणसाला देऊ नका. माणसं कमी असतील तर निदान तपासणारा वेगळा ठेवा. आणि सील दिसेनासं होण्याआधी स्वतः बघा. भाग बसल्यावर ओ-रिंग आहे की नाही, हे बाहेरून देवालाही कळणार नाही.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत सीलंट (सांधे बंद करणारा लेप) सुकत नाही. हीट गन मारली तर? (एक वाचक, निफाड)

निफाडची थंडी, त्यात हवा कोरडी. दोन भाग मिसळून बनणाऱ्या पॉलिसल्फाइड सीलंटला ऊब आणि ओल दोन्ही लागतात. तापमान १० अंशांनी उतरलं की वेळ साधारण दुप्पट होतो. हीट गननं वरची साय धरते आणि आत कच्चं राहतं. इंधनाच्या जवळ तर ती नकोच. त्यापेक्षा जागाच सुरक्षितपणे उबदार करा, सीलंटच्या डेटा शीटमधल्या मर्यादेत. त्याच मिश्रणाचा एक गोळा पत्र्याच्या पट्टीवर लावून कामाशेजारी ठेवा, वर बॅच नंबर आणि वेळ लिहा. सही करण्याआधी नख त्या गोळ्यात रुतवून बघा, विमानावरच्या सीलंटमध्ये नाही.