आकाशगंगेची कमान सलग कशी जुळेल?

प्रश्न : २४ मिमीच्या लेन्सने मी आकाशगंगेच्या संपूर्ण कमानीची छायाचित्रे टिपली. संगणकावर ती जोडल्यावर क्षितिज नागमोडी झाले, आकाशात उभे काळसर पट्टे उमटले आणि जवळच्या झाडाची फांदी मध्येच तुटलेली दिसते. हे दोष सॉफ्टवेअरने दूर होतील का?

उत्तर : काही प्रमाणात होतील, परंतु तिन्ही दोषांचे मूळ छायाचित्रे घेतानाच पडलेले असल्यामुळे ते तिथेच टाळणे श्रेयस्कर.

क्षितिज नागमोडी होते ते बहुधा ट्रायपॉडवरची फिरणारी बैठक समतल नसल्यामुळे. कॅमेरा सरळ दिसला, तरी त्याखालचा फिरण्याचा अक्ष कललेला असेल, तर प्रत्येक फ्रेममध्ये क्षितिजाचा कल बदलत जातो. म्हणून कॅमेरा अर्धवर्तुळात फिरवून पाहावा आणि लेव्हलमधला बुडबुडा सर्व दिशांना मध्यभागीच राहतो याची खात्री झाल्यावरच सुरुवात करावी. अंधार पडण्यापूर्वी हे काम उरकणे फार सोयीचे असते.

काळसर पट्टे लेन्सच्या कडांना कमी उजेड पोहोचल्यामुळे येतात. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याची वाट) पूर्ण उघडे न ठेवता थोडे लहान करावे आणि जोडणीपूर्वी सर्व रॉ फाइल्सना (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल्सना) लेन्स प्रोफाइलची, म्हणजे त्या लेन्सचे दोष भरून काढणारी, दुरुस्ती सारखीच लावावी. फोकस, एक्स्पोजर, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हाताने ठरवून शेवटपर्यंत तसेच ठेवावेत.

फांदी तुटते, कारण कॅमेरा फिरताना लेन्सचे दृष्टिकेंद्र (ज्या बिंदूतून लेन्स दृश्य पाहते तो बिंदू) जागा बदलते आणि जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंच्या तुलनेत सरकतात. कॅमेरा सरकपट्टीवर (ट्रायपॉडवर कॅमेरा पुढे-मागे सरकवता येणाऱ्या पट्टीवर) मागे घेत जावा आणि जवळची व दूरची अशा दोन उभ्या कडा फिरवतानाही एकमेकींपासून ढळत नाहीत, ते स्थान शोधून खूण करून ठेवावी. सरकपट्टी नसल्यास अग्रभागी जवळची वस्तू घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वेळेविषयी, कारण माझ्या मते खरे नियोजन इथेच असते. आकाश तासाला १५ अंश, म्हणजे चार मिनिटांत एक अंश सरकते. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा धरल्यास २४ मिमीची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ५३ अंश टिपते. दर ३० अंशांवर एक फ्रेम घेतली, तर शेजारच्या फ्रेम्स चाळीस टक्क्यांहून अधिक एकमेकींवर येतात आणि सात फ्रेम्समध्ये १८० अंशांहून अधिक पट्टा मिळतो. प्रत्येकी २० सेकंदांचे एक्स्पोजर धरले, तरी सगळे चार मिनिटांच्या आत आटोपते. मात्र दीर्घ एक्स्पोजरचे नॉइज रिडक्शन (प्रत्येक फ्रेमनंतर तेवढ्याच वेळेची काळी फ्रेम घेऊन चित्रातले नकोसे ठिपके कमी करणारी सोय) चालू राहिले, तर प्रत्येक फ्रेमला दुप्पट वेळ लागतो आणि तारे जुळेनासे होतात. ते आवर्जून बंद करावे.

उत्तर गोलार्धात मार्च ते मे या काळात, चंद्र नसलेल्या उत्तररात्री, आकाशगंगेचा केंद्रभाग उगवल्यानंतर कमान पूर्वेकडे तुलनेने खाली असते आणि शेजारी-शेजारी घेतलेल्या फ्रेम्सच्या एका रांगेत मावू शकते. रात्र सरते तशी ती वर चढते. मग दोन-तीन रांगा घ्याव्या लागतात. अशा वेळी क्षितिजालगतची रांग आधी घ्यावी आणि जोडणीसाठी दंडगोलाकार प्रक्षेपणाऐवजी (प्रक्षेपण म्हणजे गोल आकाश सपाट चित्रावर उलगडण्याची पद्धत) गोलीय प्रक्षेपण निवडावे. ताऱ्यांच्या फ्रेम्स आपोआप जुळल्या नाहीत, तर हगिनसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठळक ताऱ्यांवर जुळणीचे बिंदू हाताने देता येतात.